दाराखालची बोटभर फट

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. कुणीतरी वापरून टाकलेली जुनी मोटार घेऊन मी नसरापूर ते वेल्हे उतारू नेत असे. राहायला मार्गासनीत. भातलावणी लागली की उतारू मिळत नसत, सगळा गाव चिखलात. ते दिवस मोटार उघडी करायचे. दारं, मडगार्ड, बॉनेट, सगळे पत्रे बोल्ट सोडून उतरवायचे, गंज खरवडायचा, जवसाच्या तेलात शेंदूर कालवून आतून हात द्यायचा आणि पुन्हा जागच्या जागी बसवायचे. त्या साली शेंदूर फासलेले पत्रे ओसरीला टेकवले होते, तर धनगरवाड्यावरची एक म्हातारी त्यांना हात जोडून गेली. बायको हसून हसून बेजार झाली. "आता नारळ बी फोडा," म्हणाली. तिला नववा महिना होता.

पत्रा उतरवणं कुणालाही येतं. बसवणं अवघड. लावलेल्या दाराची फट चहूकडून सारखी दिसली पाहिजे, ही माझी फुशारकी. कमीजास्त वाटलं की बिजागरीखाली पत्र्याची चकती सारायची, बोल्ट आवळायचा, दार लावून बघायचं, पुन्हा सोडायचं. भोरचे मोटारवालेसुद्धा माझी दारं बघायला थांबत.

एका पहाटे तिला कळा सुरू झाल्या. दिवस वर आला तशी सुईण बाहेर आली. "पोर आडवं हाय. माज्या हातचं न्हाई. भोरच्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता."

मोटार अंगणात उभी होती. हँडल मारलं असतं तर सुरू झाली असती. वर छप्पर होतं, बसायला फळ्या होत्या. पण दारं नव्हती, मडगार्ड नव्हते, आणि पाऊस लागला होता. मला वाटलं, चिखल उडेल, कळ आली की ही बाहेर फेकली जाईल. हे खरंच वाटलं. पण त्याच्याखाली दुसरंही काही होतं, ते आज लिहितो. भोरच्या पेठेतून बायको अशा नागड्या मोटारीतून न्यायची, आणि लोकांनी माझी मोटार तशी बघायची, याची मला लाज वाटली.

ती सुईणीच्या खांद्यावर हात टाकून ओसरीत आली. "अवो, चला की. दार न्हाई तर न्हाई. म्या धरून बसन."

"एवढं बसू दे," मी म्हणालो. "मग निघूच."

मडगार्ड बसले. उजवं दार बसलं. डावं, तिच्या बाजूचं, बसेना. खाली बोटभर फट राहत होती. दुसऱ्या कुणी सुंभानं बांधून टाकलं असतं. मी चकती घातली, काढली, पुन्हा घातली. आतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं आणि मी गुडघे टेकून फट बघत होतो. सुईण दोनदा येऊन बोलून गेली. तिसऱ्यांदा आली ती काही न बोलता परत गेली. दार बसलं तेव्हा दुपार झाली होती. सुरेख बसलं होतं. ते बघून मला क्षणभर बरं वाटलं. त्या क्षणाची मला अजून किळस येते.

कापूरहोळ मागं पडलं आणि मागच्या फळीवरून तिचा आवाज येईनासा झाला. मी वळून पाहिलं नाही. सुईण रडायला लागली तरी गाडी हाकतच राहिलो.

दोघंही गेली होती, ती आणि पोटातलं मूल. दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते. हात धुऊन ते माझ्याजवळ बाकावर बसले. कळा कधी सुरू झाल्या, विचारलं. पहाटे, मी म्हणालो. मग इतका उशीर का, ते म्हणाले. मी नखातला शेंदूर खरवडू लागलो. त्यांनी दारातून माझ्या मोटारीकडं पाहिलं आणि मला त्यातून सोडवावं म्हणूनच की काय, स्वतःच विचारलं, "वाटेत बंद पडली का?"

हो म्हटलं असतं तर ते मान डोलावून उठले असते. सुईणही माझ्या तोंडाकडं बघत होती.

"न्हाई," मी म्हणालो. "म्या दार बसवीत हुतो."