कोट घालून बघायची शर्यत

माझ्या बायकोला भजनाचा कंटाळा यायचा. हे आधी लिहून टाकतो, कारण ती गेल्यापासून या घरात रोज संध्याकाळी भजनं लागायची, अन् येईल त्याला माझा मुलगा सांगायचा, "आईला भजनाची फार आवड होती." मी समोर सोफ्यावर बसलेला. मला कोणी विचारत नव्हतं. अमेरिकेतल्या या शॉमबर्ग गावातले त्याचे ऑफिसवाले, मंडळवाले यायचे, दारात बूट काढायचे, फोटोला हात जोडायचे, म्हणायचे, "काकू किती शांत होत्या." शांत. घोडे सुटले की ही बाई जॉकीच्या आईबापाचा कसा उद्धार करायची ते यांनी ऐकलं असतं, तर तसेच बूट घालून परत गेले असते.

तिला घोडे आवडायचे. बाकी काही नाही. देवाला दिवा लावायची तोही आंघोळ झाली म्हणून.

मी पुण्याच्या रेसकोर्सवर सईस होतो. घोडा चोळायचा, लीद काढायची, चारापाणी करायचं, रेसच्या दिवशी लगाम धरून त्याला लोकांपुढे गोल फिरवायचं. तिचा बापही सईस. ती पागेच्या मागच्या खोल्यांत वाढली, लग्न करून आली तीही पागेच्या मागच्या खोलीतच. मुलगा तिथंच जन्मला, तिथंच कंदिलाशेजारी बसून शिकला. पोरगं हुशार होतं, ते खोटं नाही. इंजिनीअर झाला, इकडे आला, आम्हाला दोघांना घेऊन आला. अन् इथं लोकांना सांगतो, "बाबा ॲनिमल केअरमध्ये होते." एकदा मी मध्येच म्हणालो, "लीद काढायचो." सून चहा आणायला उठली. चहा तर सगळ्यांच्या हातात होता.

त्याचंही कळतं मला. मराठी माणसापुढे रेस म्हटलं की त्याला जुगार दिसतो. आम्ही नवराबायकोनं जन्मात कधी घोड्यावर पैसा लावला नाही. पण ते कोणाला समजावत बसणार.

इकडे आल्यावर तिचा जीव रमेना. जवळ एक रेसकोर्स होता तोही बंद पडला. मग ती फोनवर बोट फिरवत जगभरचे घोडे बघत बसायची. त्यात तिला जपानची ती रेस सापडली, अरिमा किनेन. डिसेंबर संपताना होते. जपानात या रेसचं फार मोठं नाव. त्या रेसची गंमत अशी, की कुठले घोडे पळवायचे त्याला लोक मतं देतात. ज्याला लोकांची माया जास्त तो आधी आत. ते वाचून दाखवून ती म्हणाली, "बघा, इथं घोडा निवडून येतो. आपल्याकडे गाढवं येतात."

पण तिला त्या रेसचं खरं वेड लागलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. रेसच्या आधी घोडे गोल फिरवत होते. ती एकदम ओरडली, "अहो, इकडे या. आधी सईस बघा."

मी बघितलं. घोड्याचा लगाम धरून चालणारा सईस काळ्या सुटात होता. टाय, पॉलिश केलेले बूट. मोठ्या रेसला तिकडे सईस असे नटून येतात. घोड्याचा मान म्हणून, अन् स्वतःचाही.

ती उठली अन् कपाटातून माझा कोट घेऊन आली. मुलाच्या लग्नात शिवलेला.

"घाला."

"घरात?"

"घाला म्हटलं ना. तुमचा घोडा पळत असता तर असे बनियनवर गेला असता?"

"मी तर बनियनवरच जायचो."

"म्हणून म्हणते घाला."

तेव्हापासून तसंच. रेस तिकडे रविवारी दुपारी असते, म्हणजे इथं शनिवारची मध्यरात्र, आमची झोपायची वेळ उलटून गेलेली. म्हणून आम्ही ती रविवारी सकाळी लावायचो. आधी चहा, मग कोट, मग रेस. निकाल तोवर जगजाहीर झालेला असायचा, पण आमच्या घरात तो कोणी सांगायचा नाही. मुलाला तिनं दम भरून ठेवला होता, तोंड उघडलंस तर जेवायला वाढणार नाही. मुलगा जिन्यावरून उतरताना मला बघायचा अन् हसायचा, "बाबा, मीटिंग आहे का?" अन् लॅपटॉप घेऊन वर जायचा. आमच्याजवळ बसला मात्र कधी नाही.

या वर्षी मतांचा निकाल लागला तेव्हा ती हॉस्पिटलात होती. किडन्या गेल्या होत्या. उशीवर फोन टेकवून तिनं घोडे बघितले अन् एका घोडीवर बोट ठेवलं. कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची अन् काळ्या आयाळीची. एवढ्या घोड्यांत ती एकटीच मादी.

"ही," म्हणाली. "मी असो नसो, कोट घालून बघा हिला."

मी म्हणालो, "फालतू बोलू नको." त्या आठवड्यातच गेली.

अन् तिचा दहावा नेमका रेसच्याच रविवारी आला.

शनिवारी मी मुलाला म्हणालो, "उद्या सकाळी टीव्ही लावायचाय मला."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं जसं मी दारू मागितली. "बाबा, सुतक आहे. अन् उद्या दहावा. लोक येणारेत."

"लोक आल्यावर बंद करीन."

"बाबा, प्लीज. कसं दिसेल ते?"

कसं दिसेल. तिनं शेवटी सांगितलेली एवढी एकच गोष्ट, अन् ह्याला कसं दिसेल त्याची काळजी. टीव्हीपुढे तिचा फोटो ठेवला होता, त्याला प्लास्टिकचा हार, बाजूला विजेवरची समई. स्पीकरवर भजन. माझं डोकं असं फिरलं की वाटलं सगळं उचलून बर्फात फेकावं. मी खोलीत गेलो, कोट काढून खुर्चीवर टांगला अन् पडलो.

सकाळी मी कोट घालूनच खाली आलो. सून म्हणाली, "बाबा, आज सोवळं..." मी म्हणालो, "थंडी आहे."

मागच्या अंगणात बर्फ झाडून टेबल मांडलं होतं. त्यावर पत्रावळ, भाताचे पिंड. गुरुजी टेक्सासात, फोनवर दिसत होते. मंत्र झाले. आता कावळा शिवायची वाट बघायची. कावळे होते, शेजाऱ्याच्या झाडावर चांगले चार-पाच बसले होते, पण एक हलेना. मंडळवाले काचेच्या दाराआडून बघत होते, हातात कॉफी.

आपल्याकडे कावळा शिवत नाही तेव्हा गेलेल्या माणसाचं काही राहिलंय असं धरतात, अन् घरचे एकेक जण कबूल करत जातात. मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, बाबांची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." कावळे तसेच. सून म्हणाली, "आई, आम्ही दर गुरुवारी घरी भजन ठेवू."

माझं डोकं सटकलं. "अजून भजन? अगं, म्हणून तर येत नाहीत ते."

दाराआड कोणीतरी कॉफीचा घोट घेता घेता थांबलं. गुरुजी फोनमधून म्हणाले, "काका, शांत व्हा. नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून शिवतात, शास्त्रात सोय आहे."

"तुमची सोय आहे," मी म्हणालो. "तिची काय? दहा दिवस झाले, माझ्या बायकोची दुसरीच बाई करून टाकलीत तुम्ही. तिला घोडे आवडायचे. सईसाची पोरगी होती, सईसाची बायको होती. लाज वाटते तर फोटो बाजूला काढून ठेवा तिचा. मला टीव्ही लावू द्या, तिची घोडी पळायचीय."

एवढं बोलून मला दम लागला. मग मुलगा टेबलाकडे बघत, खालच्या आवाजात म्हणाला, "आई, तुझी घोडी चौथी आली."

मी त्याच्याकडे वळलो.

"शेवटच्या वळणापर्यंत पुढे होती," तो म्हणाला. "मग चढ आला. तिथं तिघांनी गाठलं."

"तुला कोणी सांगितलं?"

"मी बघितली. रात्री लाइव्ह. वर, लॅपटॉपवर."

"घोडी कुठली ते तुला काय ठाऊक?"

"मलाही बोलली होती, बाबा. हॉस्पिटलमध्ये."

मला काय व्हायला पाहिजे होतं कोण जाणे. मला राग आला. मला नाही म्हणाला, अन् स्वतः दार लावून चोरून बघितली. वर चार माणसांत निकालही सांगून टाकला.

"निकाल सांगायचा नसतो," मी म्हणालो. "एवढी एक गोष्ट तुझ्या आईनं तुला शिकवली होती. तीपण नाही राहिली लक्षात."

"आईला सांगत होतो."

"मी इथं उभा आहे ना गाढवा. मला कान नाहीत?"

"मग मी काय म्हणायला पाहिजे होतं? तिला कळायला नको?"

"चौथी आली हे? नाही कळलं तर बरं."

"शिवला का?" गुरुजींनी फोनमधून विचारलं.

आम्ही दोघांनी टेबलाकडे बघितलं. एक पिंड अर्धा गेला होता, शितं बर्फात सांडली होती. झाडावरचे कावळे कमी झाल्यासारखे वाटत होते, पण कुंपणावर एक खारही पळत होती. सून रडत होती, तिनंही बघितलं नव्हतं. काचेआडचे लोक आमच्याकडेच बघत होते.

"शिवला, शिवला," मुलगा गुरुजींना म्हणाला.

पाहुणे आत जेवायला बसले. मी टीव्हीपुढचा फोटो उचलला, तो प्लास्टिकचा हार काढून खिशात कोंबला, अन् फोटो सोफ्यावर माझ्या बाजूला ठेवला. भजन बंद केलं. सुनेनंच रिमोट शोधून दिला. रेस लावली. घोडे अजून गोल फिरत होते. कुमैत घोडीचा लगाम धरलेला सईस म्हाताराच होता, माझ्याएवढा नसेल, पण त्याचा सूट अंगावर नीट बसला होता. त्याला बघून मी माझ्या कोटाची बटणं लावली. चौथी येणार हे ठाऊक असताना बघायचं म्हणजे काय बघायचं. तो राग अजून गेलेला नाही.

मुलगा ताट घेऊन आला अन् सोफ्याच्या कडेला टेकायला लागला. अंगात ऑफिसनं दिलेली हुडी, ती टोपीवाली बंडी.

"इथं बसायचं तर कोट घालून ये," मी म्हणालो.

त्यानं ताट खाली ठेवलं अन् जिना चढून वर गेला. मी रेस थांबवून ठेवली.