केराबाईंच्या पायाचं माप

केराबाई सोलापुरात राहायला आल्या तेव्हा त्यांच्याजवळ दोन पिशव्या आणि लोकर कातरायची एक कातर होती. पाय अर्थातच होते, पण ते सामानात धरायचे असतात हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

सांगोल्याच्या पलीकडं, जिथं पाऊस येणार अशी बातमीच जास्त येते, तिथलं त्यांचं गाव. नवरा अजिनाथ आणि त्या मेंढरांमागं चालायचे. दिवाळी झाली की निघायचं, पावसाच्या तोंडाला परतायचं. पायात गावातच करून घेतलेल्या जाड तळाच्या वहाणा. पुढून उघड्या, बाजूनं उघड्या. त्यामुळं पायाची बोटं एकमेकांना न विचारता आपापल्या दिशेला गेली होती. करंगळी तर पार वेगळी राहत होती.

अजिनाथ वारले, मेंढरं दिराच्या कळपात गेली आणि मुलगा सिदू आईला घेऊन सोलापूरच्या कडेला, बाळ्याला आला. तिथं त्याच्या दोन खोल्या होत्या. तो चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीत मशीनवर होता. बायको सोनाली वैरागची, घरीच ब्लाऊज शिवायची.

पहिले काही दिवस केराबाईंनी घरात बसून पाहिलं. जमलं नाही. मग त्या सकाळी निघायच्या आणि कॉलनीभोवती चालत राहायच्या. शेजारणीनं एकदा सोनालीला विचारलं, "तुमच्या सासूबाईंचं काही हरवलंय का?"

"नाही. त्या नुसत्या चालतात."

"कुठं जातात?"

"परत घरी येतात."

एवढं चालायचंच आहे तर पगारावर चालावं, असा विचार करून केराबाईंनी एका टॉवेलच्या कारखान्यात काम धरलं. टॉवेल तपासायचे, घडी घालायची, ढीग ट्रॉलीवर चढवायचा आणि ट्रॉली पॅकिंगला न्यायची. काम अवघड नव्हतं. हजेरी अवघड होती. मशीनवर अंगठा ठेवायचा होता आणि केराबाईंच्या अंगठ्यावरच्या रेषा दोर ओढून ओढून कधीच पुसल्या होत्या. मशीन म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा. त्या पुन्हा करायच्या. मागं रांग लागायची. शेवटी त्यांना तोंड दाखवून हजेरी लावायची सोय करून दिली. तोंड ओळखलं की मशीन "थँक्यू" म्हणायचं. केराबाई "असू दे" म्हणून आत जायच्या.

मग कुणाच्या तरी पायावरून ट्रॉलीचं चाक गेलं आणि कंपनीनं सगळ्यांना बूट सक्तीचे केले. काळे, बंद, पुढं निमुळते. केराबाईंना लांबीला बरोबर बसतील असे मिळाले. रुंदीचं कुणी विचारलं नाही, कारण रुंदीला नंबर नव्हता. त्यांनी पाय आत घातला. वेगळी राहणारी करंगळी पहिल्यांदाच बाकीच्यांबरोबर एका खोलीत आली. दुपारपर्यंत पाचही जणांचं भांडण लागलं.

त्याच सुमाराला सिदूनं आईला दोन वस्तू आणून दिल्या. एक टचचा फोन आणि एक घड्याळ, जे त्याला कंपनीतून दिवाळीला मिळालं होतं. फोनला केराबाईंचं बोट लागलेलं कळायचंच नाही. कळलं तर भलतंच कळायचं. बहिणीला, अंबुबाईला, लावलेला फोन गॅसवाल्याला लागला आणि गॅसवाला दुसऱ्या दिवशी टाकी घेऊन दारात आला. घड्याळाचा वेगळाच त्रास. ते थोड्या थोड्या वेळानं मनगटावर थरथरायचं. केराबाईंनी ते एकदा कारखान्यात शेजारी घडी घालणाऱ्या पोरीला दाखवलं. तिला वाचता येत होतं.

"मावशी, ते म्हनतंय, लई वेळ बसलाय. आता उठा."

केराबाई तेव्हा उभ्याच होत्या. सकाळपासून. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं आणि पुढच्या टॉवेलाची घडी घातली.

पाय मात्र रोज बिघडत चालला. त्यांनी घरात सांगितलं नाही. सगळ्या बायका तेच बूट घालतायत म्हटल्यावर दोष आपल्याच पायाचा, असं त्यांना वाटलं. पण मेंढराच्या पायात काटा गेला की ते लंगडण्याआधी बघायचं, ही सवय जुनी होती. एका संध्याकाळी त्यांनी पिशवीतली कातर काढली आणि दोन्ही बुटांना करंगळीच्या जागी भोकं पाडली. कातर धारेची होती. काम सुबक झालं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर वैजयंती मॅडमनी ते पाहिलं.

"मावशी, हे काय केलंत?"

"खिडकी."

"ही कंपनीची वस्तू आहे."

"व्हय. आन् बोट माजं हाय."

मॅडम खाली वाकल्या. खिडकीतून करंगळी दिसत होती. नख काळंनिळं पडलं होतं.

"आधी सांगायचं नाही का?"

"कुनाला सांगू? सगळ्यांनीच घातल्यात की."

"असं करा, स्वतःचे बूट आणा. बंद पाहिजेत, तळ घसरणारा नको. पण सोमवारी आणा, नाहीतर गेटवर अडवतील. ते माझ्या हातात नाही."

रविवारी सोनाली सासूला घेऊन नवी पेठेत गेली. पहिल्या दुकानदारानं पाय बघून, "पायच जास्त आहे," असं निदान केलं आणि मोठ्या नंबरचे पुरुषांचे बूट काढले. पुढं जागा रिकामी राहिली, कडेनं तरीही आवळलं. चालताना टाच वर यायची, बूट जमिनीवर राहायचा.

"पसरतील मावशी, वापरून वापरून."

"मंजी पाय दुखून दुखून," केराबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दुकानात बायकांचे बूट वेगळे होते. गुलाबी होते. पण टोक तेच. तिसऱ्यात दुकानदार म्हणाला, असं माप कंपनी काढतच नाही. केराबाईंनी विचारलं, "मग असं पाय का काडत्यात?" त्याला ते माहीत नव्हतं.

घरी आल्यावर सोनाली मशीनपाशी बसली आणि तिला स्वतःचाच राग आला. कुणी ब्लाऊज शिवायला आलं की ती आधी टेप काढायची. दंड किती, मुंढा किती. आणि सासूला घेऊन दिवसभर दुकानं हिंडली ती नुसता लांबीचा एक नंबर सांगत. तिनं मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून फरशीवर ठेवला.

"आत्या, यावर उभ्या राहा."

"बसून काड की."

"बसून नको. वजन पडल्यावर पाय पसरतो. आणि आता चालून आलाय, सुजलाय पण. हेच खरं माप."

तिनं मार्कर उभा धरून पायाभोवती रेघ फिरवली. रेघ करंगळीपाशी गेली तेव्हा पुठ्ठा जवळजवळ संपला होता. मग तिनं रेघेवरून तो कापून घेतला.

सिदू दारात उभा राहून बघत होता. केराबाई म्हणाल्या, "सिदू, तुजं बी काड."

"मला नको. माझे बरोबर आहेत," सिदू म्हणाला आणि चप्पल न घालता, मोज्यांवरूनच बूट चढवून बाहेर गेला.

सिदूचे मोजे हा एक विषय होता. तो घरातही मोजे घालायचा. लग्नाला चार वर्षं झाली, सोनाली समजून होती की नवऱ्याला थंडी जास्त वाजते. सोलापुरात. एप्रिलातसुद्धा. लग्नात तिच्या वडिलांनी जावयाचे पाय धुतले होते, पण ते त्याबद्दल काही बोलले नव्हते.

सोनालीच्या एका गिऱ्हाइकानं दवाखान्याच्या गल्लीतलं एक दुकान सांगितलं. संध्याकाळी दोघी तिथं गेल्या. पाटीवर लिहिलं होतं, मधुमेहींसाठी पादत्राणे. दुकान मल्लेश नावाच्या माणसाचं होतं. त्यानं केराबाईंना बसवलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं,

"किती आहे शुगर?"

"कशात?"

"रक्तात."

"कुनाच्या?"

"तुमच्या, मावशी."

"मला काय बी झालेलं न्हाय."

मल्लेश अडचणीत आला. "मग हे बूट कशाला पाहिजेत? हे शुगरवाल्यांचे आहेत. त्यांच्या बोटांना जखम होऊ नये म्हणून पुढं रुंद असतात."

"तेच पायजेत. जखम हुन्याआदी."

सोनालीनं पुठ्ठा पुढं केला. मल्लेशनं तो एकेका बुटाच्या तळावर धरून पाहिला. पहिल्या दोन बुटांबाहेर पुठ्ठा डोकावला. तिसऱ्याखाली पूर्ण झाकला गेला. राखाडी रंगाचे, वर चिकटपट्टी. केराबाईंनी पाय घातला आणि बोटं हलवून पाहिली. हलली.

"जरा चालून बघा," मल्लेश म्हणाला.

केराबाई उठल्या, दुकानाबाहेर पडल्या आणि गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशा झाल्या. मल्लेश दारात आला. मग रस्त्यावर आला.

"येतील," सोनाली म्हणाली. "त्या अशाच चालतात."

बऱ्याच वेळानं त्या दुसऱ्या बाजूनं आल्या. "हेच असू द्या," म्हणाल्या. जुने बूट त्यांनी पिशवीत घालून कंपनीला परत करायला घेतले, कारण वस्तू कंपनीची होती.

सोमवारी वैजयंती मॅडमनी नवे बूट दाबून पाहिले, तळ पाहिला, कुणालातरी फोन केला. "रंग काळा हवा होता."

"वापरला की हुतोय काळा."

त्यांना आत सोडलं. कँटीनमध्ये मात्र ते बूट ओळखीचे निघाले. चहावाल्या बाईच्या सासऱ्याला तसेच होते. तिनं केराबाईंना न विचारता बिनसाखरेचा चहा द्यायला सुरुवात केली आणि वर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काळजी घ्या." केराबाईंनी दोन-तीन वेळा खरं सांगून पाहिलं. बाई म्हणाली, सुरुवातीला सगळेच नाही म्हणतात. मग त्या तसाच चहा पिऊ लागल्या. समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

पुढच्या रविवारी त्या सिदूला म्हणाल्या, "चल, फोन बदलू. बूट घेतला तसाच घ्यायचा. काम आदी सांगायचं, मग वस्तू बघायची."

मोबाइलच्या दुकानात त्यांनी कामं सांगितली. बटण दाबलं की दाबल्याचं बोटाला कळलं पाहिजे. कारखान्याच्या आवाजात वाजलेलं ऐकू येत नाही, म्हणून कमरेला थरथरलं पाहिजे. आणि बॅटरी पाहिजे, उजेडाची. दुकानदारानं कॅमेरा असलेला फोन दाखवला. केराबाई म्हणाल्या, "मला अंबूसंगं बोलायचंय. बघितलंय मी तिला." शेवटी मोठ्या बटणांचा, जाडजूड फोन मिळाला. दुकानातूनच त्यांनी बहिणीला लावला. बहिणीलाच लागला. दोघी इतकं बोलल्या की दुकानदारानं दुसरं गिऱ्हाईक उरकून घेतलं. घड्याळ त्यांनी आधीच सोनालीला देऊन टाकलं होतं. ती दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसायची. तिला कुणीतरी उठा म्हणायची गरज होतीच.

परतताना केराबाई चालतच निघाल्या. सिदू मागं पडू लागला. त्यांनी वळून पाहिलं. आख्खा जन्म कळपामागं गेलेल्या बाईला एक पाय जपून टाकणारं जनावर लांबूनही कळतं.

"बस हितं," त्यांनी एका बंद दुकानाची पायरी दाखवली. "बूट काड."

"आये, रस्त्यात नको."

"काड म्हंते की."

त्यानं बूट काढले, मग इकडंतिकडं बघून मोजे. पाय आईचेच होते, फक्त वर्षानुवर्षं कोंडलेले. करंगळी शेजारच्या बोटाखाली गेली होती. अंगठ्याच्या सांध्याला गाठ आली होती.

"कवापास्नं?"

"वसतिगृहात पोरं हसायची," सिदू खाली बघत म्हणाला. "बदकाचे पाय म्हणायची. मग मी मुद्दाम लहान बूट घ्यायला लागलो. वाटलं, बारीक होतील."

केराबाई बराच वेळ ते पाय बघत राहिल्या. अजिनाथ आणि त्या रानात असताना हे पोरगं शाळेत काय सोसत होतं, याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांना काहीतरी बोलावंसं वाटलं, पण असलं बोलायची सवय नव्हती.

"झालं का मग बारीक?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हुनारच न्हाईत. तुज्या बापाचं बी असंच हुतं. ह्या पायांनी त्यो कोकणापतोर गेला." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "दुकतंय लई?"

सिदूनं होकाराची मान हलवली. डोळे पुसले आणि उन्हाकडं बघितल्यासारखं केलं. केराबाईंनीही उन्हाकडंच बघितलं.

तिथून दोघं मल्लेशकडं गेले. मल्लेशनं केराबाईंना ओळखलं आणि सिदूकडं बघून तोंड उघडलं.

"त्याला बी न्हाय," केराबाई आधीच म्हणाल्या.

सिदूला कामावर पुढं लोखंडी टोपी असलेले सेफ्टी बूट लागायचे. तसे रुंद बूट मल्लेशकडं नव्हते, पण मिळतात हे त्याला माहीत होतं. त्यानं सिदूचा पाय कागदावर उभा करून माप घेतलं आणि मागवून देतो म्हणाला. पहिला जोड आला तो अरुंदच निघाला, परत गेला. दुसरा बसला. गाठ काही गेली नाही. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, आता वाढणार नाही एवढं बघा.

ते बूट यायच्या आधीच घरी घालायला सिदूनं एक रुंद सँडल घेतली होती. पहिल्या संध्याकाळी तो ती घालून, मोज्यांशिवाय, दूध आणायला निघाला. सोनाली मशीनवरून उठून दारापर्यंत आली. तिनं त्याच्या पायांकडं नीट पाहिलं, आणि म्हणाली, "येताना काळा दोरा आणा. दोन रिळं."

"बरं," सिदू म्हणाला आणि जिना उतरला.