सहकुटुंब बिअरच्या कारखान्यात

परदेशात म्हणे शरद ऋतूत बिअरचा मोठा उत्सव भरतो. लोक तंबूत बसून पिंपंच्या पिंपं रिकामी करतात. हल्ली तिकडे जाऊन आलेल्यांचे फोटो बघतो आणि मनात म्हणतो, अरे, आम्हीही गेलो होतो! तळोज्याला. एसटीने. आणि बायकोला घेऊन.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, नेमकं साल विचारू नका. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि कोपरखैरण्यात दीड खोलीत राहत होतो. पूर्वी माझ्याबरोबर काम करणारा घणसोलीचा काशिनाथ तळोज्याच्या बिअर कारखान्यात बॉयलरवर लागला होता. त्या कारखान्यात बाहेरच्या माणसाला वर्षातून एकच दिवस आत सोडत, खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेसाठी. काशिनाथने माझ्यासाठी पास आणला. मला तर आकाश ठेंगणं झालं. टाकीतून काढलेली ताजी बिअर प्यायची हे माझं कित्येक वर्षांचं स्वप्न! पण पासावर ठसठशीत शब्द होता: सहकुटुंब. एकट्याला प्रवेश नाही.

आता पंचाईत ऐका. लग्न ठरताना सुमनने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, एकच अट घातली होती: घरात दारू नको. तिच्या वडिलांनी पिऊन घरादाराची दैना केली होती. मी मान डोलावली होती. आणि गेली सहा वर्षं पगाराच्या शनिवारी मित्रांबरोबर एक बाटली पिऊन, वर दोन वेलदोडे चावून साळसूदपणे घरी येत होतो.

"काशिनाथच्या कारखान्यात पूजा आहे," मी म्हटलं.

"कसला कारखाना?"

"थंड पेयाचा."

आता बिअर गरम पितात का? पण खोटं ते खोटंच.

लेकीला शेजारच्या काकूंकडे सोपवून सकाळी निघालो. तुर्भे नाक्यावर पनवेलची एसटी मिळाली, दोघांचं मिळून पाच रुपयांच्या आत तिकीट. बेलापूरच्या पुढे तेव्हा दोन्ही अंगांना भातशेती होती, आणि कापणीला आलेलं ते पिवळं भात बघत सुमन खिडकीशी मजेत बसली होती. कळंबोलीला उतरून मी वडापाव खाल्ला. तिचा नवरात्राचा उपवास, तिने केळी घेतली. तिथून सहा आसनी रिक्षा, आत दहा माणसं. आता बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रो जाते, तुम्ही आरामात जाल. आमची हाडं मात्र खिळखिळी झाली.

गेटवर हातभर अक्षरांत पाटी होती. सुमनने ती वाचली. माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर सारखा केला आणि आत चालू लागली.

आतला थाट मात्र बघण्यासारखा. बॉयलरला झेंडूच्या माळा, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, दारात केळीचे खुंट, बायकांना हळदीकुंकू. आणि सगळीकडे भिजल्या धान्याचा गोडसर वास. काशिनाथ नवा शर्ट घालून पुढे आला.

"या वयनी, या! दादा तं आमचं जुनं गिऱ्हाईक हाय. यानला आमचीच बाटली लागतं!"

काशिनाथा, गाढवा! मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

पुढे एक केमिस्ट साहेब सगळ्यांना माहिती सांगत होते. त्यांनी सातूचे, म्हणजे बार्लीचे, चार दाणे सुमनच्या तळहातावर ठेवले. उपवास म्हणून तिने एक दाणा नखाने फोडून नुसता हुंगला आणि तिचा चेहरा बदलला.

"हे मोड आणून वाळवलेत ना?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"लेकीला नाचणीचं सत्त्व असंच करते मी. मोड फार वाढू दिले की गोडी जाते. तुम्ही कधी थांबवता?"

साहेब खूश! पुढचा अर्धा तास ते फक्त तिच्याशी बोलत होते. इतकी वर्षं बिअर पिऊन मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मी दोघांच्या मागून पिशवी धरून फिरत होतो आणि, लपवत कशाला, मला तिचा भारी अभिमान वाटत होता.

शेवटी थंड खोलीत ती टाकी आली. खाली छोटा नळ. मी हळूच काशिनाथला कोपर मारलं.

"आज नाय दादा. पूजा झायली ना! उद्यापरत कोनीच हात नाय लावाचा."

बघतो तर नळाला हळदकुंकू आणि वर झेंडूचं फूल. हात तेरेकी! ज्या एकाच दिवशी आत सोडतात, त्याच दिवशी नळ बंद. आमच्या घरी मीही पाना आणि हातोडी पूजेला ठेवून आलो होतो, पण ही गोष्ट डोक्यात आली नव्हती.

निघताना प्रत्येक कुटुंबाला लाडवांचा पुडा आणि एक बाटली मिळाली. मी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. सुमनने ती उचलून आपल्या पिशवीत टाकली.

एसटीची वाट बघताना ती म्हणाली, "आपल्या घरात वेलदोडा दिवाळीला येतो. तुमच्या पँटच्या खिशात सालं बारा महिने सापडतात."

"तुला माहीत होतं?"

"प्यालात त्याचं नंतर बघू. सहा वर्षं मला वेडी समजलात, त्याचं काय? बाबासुद्धा असंच लपवायचे. सुरुवात तिथूनच झाली होती."

मला रडू आलं. बसस्टॉपवर, भर दुपारी. चुकलो म्हणालो. तिने लाडू फोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला, अर्धा लेकीसाठी परत पुड्यात.

घरी आल्यावर तिने बाटली पूजेत, माझ्या पान्याशेजारी ठेवली आणि वर फूल वाहिलं. "उद्या. माझ्यासमोर."

दसऱ्याला सोनं वाटून झालं, तिने फूल काढलं. घरात ओपनर कुठला? पूजेतल्या पान्यानेच झाकण उडवलं. दोन स्टीलचे पेले भरले. तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू! आमचं सत्त्व बरं."

मग तिने हात पुढे केला. मी खिशातले उरलेले चार वेलदोडे काढून तिच्या तळहातावर ठेवले. ते तिने मोजून दिवाळीच्या डब्यात टाकले.

ताजी बिअर टाकीतून प्यायची राहिली ती राहिलीच. आजही खंडेनवमीला सुमन स्वतः पान्याशेजारी एक बाटली ठेवते, आणि तिने फूल उचलेपर्यंत मी हात लावत नाही.