साडूचा रोहू आणि माझ्या ताटातली मुंडी

रोहू माशाला इंजेक्शन टोचायचं ज्ञान मला नव्हतं. पण साडूला ते आहे म्हटल्यावर मला येणं भागच होतं.

हा साडू म्हणजे वसंता, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. गोष्ट ऐंशीच्या आसपासची. आमचे सासरे उरणकडचे. शेती नव्या शहरासाठी गेली आणि राहिलं एक तळं. मुलगा नाही, जावई दोन. सासऱ्यांनी जाहीर करून टाकलं, जो तळ्यातल्या माशांची पिल्लं काढून दाखवील, तळं त्याचं. वसंता मत्स्यशेतीचं ट्रेनिंग घेऊन आलेला. मी वाशीच्या फ्लॅटमधला कारकून. माझ्याकडे बेसिनखेरीज पाणी नव्हतं (तेही दिवसाआड).

रोहू साचलेल्या पाण्यात वाढतो, पण अंडी घालत नाही. त्यासाठी दुसऱ्या पिकल्या माशाच्या डोक्यातून, मेंदूखालची मोहरीएवढी गाठ काढायची, घोटून पाण्यात कालवायची आणि टोचायची. वसंता दिवाळीला हे सांगत होता तेव्हा माझी बायको गालावर हात ठेवून ऐकत होती. माझ्या बढतीची बातमी तिने भाजी निवडत ऐकली होती. दुसऱ्याच दिवशी मी मत्स्यशेतीचं पुस्तक आणलं आणि पाठ करायला घेतलं.

पावसाळ्यात पनवेलच्या बाजारातून रोहूची चार ताजी डोकी घेतली आणि सासरी पोचलो. डोकी सासूबाईंच्या हातात देऊन म्हणालो, "आई, ही जपा. आजचं सगळं यांच्यावरच आहे." आणि सिरिंज उकळायला तळ्यावर गेलो. वसंता तिथे आधीच हजर! त्याच्याकडे गाठींची तयार बाटली होती, स्पिरिटमध्ये ठेवलेली. त्यातल्या दोन देऊ का म्हणाला. मी म्हटलं, आमचा माल ताजा आहे.

दुपारी पंगत बसली. त्या घरात जावयाचा मान माशाच्या मुंडीने होतो. वसंताच्या ताटात दोन मुंड्या, माझ्या ताटात एक. थोरला असला म्हणून काय झालं? मी सासूबाईंना आडून आडून विचारलं, मुंड्या संपल्या का? त्या बिचाऱ्यांनी सासऱ्यांसाठी ठेवलेली माझ्या ताटात घातली. लाल रश्शात कुठला मासा कुठला, कोण बघतो! वसंताच्या डोळ्यात डोळे घालून मी दोन्ही मुंड्या फोडल्या आणि शेवटच्या काट्यापर्यंत चोखल्या. इतकं चविष्ट जेवण मी जन्मात जेवलो नव्हतो.

हात धुऊन स्वयंपाकघरात गेलो आणि माझी डोकी मागितली.

"कंची डोकी?" सासूबाई म्हणाल्या. "आता दोन खाल्लीत ना? जावई सोता मुंड्या घेऊन आला, आजचं सगलं यांच्यावरच हाय बोलला. मंग कालवन नको करू?"

माझी अर्धी औषधं माझ्या पोटात होती आणि अर्धी वसंताच्या. बाटलीतल्या गाठी मागायला जावं, तर मघाशी नाक वर करून बसलेलो. मग दुपारभर वसंता टोचत होता आणि मी छत्री धरून उभा होतो. छत्री धरायला बायकोनेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंताने टोचलेल्या माशांसाठी पाण्यात बांधलेली मच्छरदाणी उचलली. आत साबुदाण्यासारखी अंडीच अंडी. सासऱ्यांनी तिथल्या तिथे तळं त्याच्या नावे बोलून टाकलं. मी कसनुसं हसून टाळ्या वाजवल्या. मग ते माझ्याकडे वळले.

"जावईबापू, औषध तं तुमी पन घेतलंय. पोटात कायतरी वाटतंय का?"

सगळा काठ हसला, बायको सगळ्यात मोठ्याने. एकटा वसंता हसला नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "घाबरू नका. शिजवलं की त्यातला गुण जातो."

तिथेही ज्ञान पाजळलंच मेल्याने! पण खरं सांगतो, तळं गेल्याच्या दुःखातही, रात्रभर पोटावर हात ठेवून जागलेल्या मला तेव्हा कुठे हायसं वाटलं.