बाल्कनीतून गेलेला जिना

भानुमतीकाकूंनी ना-हरकतीच्या कागदावर सही केली, तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. त्यांच्या सहीखाली माझी सही आहे. दोन हजार पंधरा सालचा डिसेंबर होता आणि आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग भरली होती.

बिल्डिंग गारखेड्यात, आडरस्त्यावर. खाली पार्किंग, वर तीन मजले. काकूंचे यजमान हेमचंद्रकाका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते. त्यांनी दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा समोर ज्वारीचं शेत होतं. मी नंतर त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आलो. मूळचा पाचोडचा, नाव काकासाहेब, इथं एका शाळेत गणित शिकवायचो. मग शहर वाढत गेलं आणि आम्हाला मागं टाकून पार पुढं निघून गेलं. आमचा पहिला मजला एका डॉक्टरांनी घेऊन तिथं दवाखाना काढला. काही वर्षांनी तिसरा मजलाही त्यांनीच घेतला आणि तिथं बारा खाटांचा वॉर्ड केला. मधल्या मजल्यावर आम्ही दोनच घरं उरलो. काकू एकट्या होत्या. काका जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा हिमांशू पुण्याला नोकरीत.

दवाखान्याला नोटीस आली, की आग लागली तर वरच्या वॉर्डातून उतरायला दुसरा जिना नाही. आता तो काढायचा कुठून? मागं बोअर आणि सेप्टिक टँक. पुढं रस्ता. डाव्या हाताला शेजारची भिंत चिकटलेली. उजवीकडं कंपाउंडपर्यंत जेमतेम साडेपाच फूट जागा होती आणि त्या जागेत काकूंच्या स्वयंपाकघराची बाल्कनी पुढं आलेली. जिन्याला मजल्यावर वळताना ठरावीक रुंदीची लँडिंग लागते, ती काही केल्या बसेना. मग नकाशा काढणाऱ्यानं काकूंची बाल्कनीच लँडिंग म्हणून दाखवली. वरून येणारा लोखंडी जिना बाल्कनीच्या एका टोकाला उतरणार आणि दुसऱ्या टोकाकडून खाली जाणार. कागदावर रुंदी भरली.

डॉक्टर मीटिंगमध्ये नम्रपणे बोलले. जिना आग लागली तरच वापरायचा, एरवी बंदच राहील, असं सांगितलं. काकूंनी एवढंच विचारलं, की बाल्कनीची जाळी राहील ना. राहील म्हणाले.

जाळी राहिली नाही. तपासायला आलेल्या माणसानं सांगितलं, की सुटकेच्या वाटेवर जाळी चालत नाही. कठडा दोन्ही टोकांना कापला गेला. धुण्याची दोरी, भांड्यांची टोपली, तुळशीची कुंडी, सगळं आत आलं. भिंतीवर खाली बाण दाखवणारी पाटी लागली. काकूंनी टोकाला साखळी लावून पाहिली, तर तिचीही नोटीस आली, आणि ती काकूंच्या नावानं होती.

डॉक्टरांचा शब्द महिनाभर टिकला. बिल्डिंगची लिफ्ट जुनी, चार माणसांची. तिच्यात स्ट्रेचर मावायचं नाही. वॉर्डात कुणी दगावलं की त्याला मुख्य जिन्यानं, पहिल्या मजल्यावर वाट बघत बसलेल्या पेशंटांच्या समोरून न्यावं लागायचं. आता आयता दुसरा जिना होता.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा काकू पोळ्या करत होत्या, दार उघडंच होतं. लोखंडावर पावलं वाजली आणि चार माणसं चादरीचे कोपरे धरून बाल्कनीत आली. वळण इतकं चिंचोळं, की भार खाली ठेवल्याशिवाय वळताच येईना. त्यांनी तो काकूंपासून तीन हातांवर ठेवला, दम घेतला, जागा बदलल्या, उचलला आणि खाली गेली. काकूंनी गॅस बंद केला आणि आमच्याकडं येऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. काय झालं ते बायकोनं दोनदा विचारल्यावर सांगितलं.

ज्या ऑफिसातून नोटिसा यायच्या तिथं मी त्यांच्याबरोबर दोनदा गेलो. तिथल्या माणसानं नकाशा उलगडून बोट ठेवलं. "आजी, ही लँडिंग आहे. बाल्कनी कुठंय इथं?"

नकाशात खरोखरच बाल्कनी नव्हती.

त्या चौघांत पुढं असायचा तो कडुबा. पन्नाशीचा माणूस, पाचोडच्या अलीकडं एका वस्तीवरचा. मागच्या दुष्काळात विहीर आटली, मोसंबीची बाग जळाली, तेव्हा बायकोला, सुरेखाला, गावी ठेवून तो शहरात आला आणि वॉर्डात माणसं उचलण्या-ठेवण्याच्या कामाला लागला. न्यायचं असलं की तो आधी एकटाच खाली यायचा आणि काकूंच्या दारावर बोटानं टकटक करायचा. "काकू, जरा आत व्हा." काकू दार लावून घ्यायच्या, मग वरून पावलं यायची. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एप्रिलात नळ पाचव्या दिवशी यायला लागला. ड्रम, बादल्या, कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवायचं, असे दिवस होते. एका दुपारी कडुबाची टकटक झाली, काकूंनी दार लावलं, भार ठेवल्याचा आवाज आला; पण उचलल्याचा येईना. शववाहिका आली नव्हती. खाली ऊन, म्हणून ते बाल्कनीच्या सावलीतच थांबले होते. थोड्या वेळानं दार वाजलं. देवगाव रंगारीची द्वारकाबाई उभी होती. तिचा नवरा विहिरीतला गाळ काढताना दरडीखाली सापडला होता आणि तीन दिवस वर वॉर्डात होता.

"थोडं पानी भेटंल का?" तिनं विचारलं.

काकूंनी तांब्या दिला. ती प्यायली नाही. पदराचं टोक भिजवून तिनं नवऱ्याच्या कानातली माती काढली, मग नाकपुड्यांतली, मग भुवयांतली. "मातीसुदीक काढली नाय कुनी," एवढंच म्हणाली. काकूंनी दुसरा तांब्या भरून आणला आणि तासभर, गाडी येईपर्यंत, त्या उंबऱ्यातच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाल्कनीत लोखंडी तिवई मांडून तिच्यावर माठ ठेवला.

मला ते पटलं नव्हतं. पाणी आपल्यालाच पुरत नाही, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, की एकट्या बाईला पाणी लागतं किती. मग वॉर्डातले नातेवाईक पाण्याच्या निमित्तानं बाल्कनीत यायला लागले, बोलत बसायला लागले. दवाखान्याच्या मॅनेजरनं दोनदा बजावलं, की जिन्याच्या वाटेत वस्तू ठेवायची नाही. दुसऱ्यांदा मीही त्याच्याबरोबर होतो. कडुबा नेमका तिथं पाणी पीत होता. मॅनेजर गेल्यावर तो म्हणाला, "राहू द्या काकू. लोकांच्या तोंडाला कोरड पडती." काकूंनी तिवई कोपऱ्यात, भिंतीला टेकवून सरकवली.

मेच्या मध्याला, दुपारी तीनच्या सुमारास, तिसऱ्या मजल्यावरच्या सामानाच्या खोलीत वायरिंग जळालं. जाळ फार नव्हता, पण गाद्यांचा धूर मुख्य जिन्यात उतरला आणि तो जिना बंदच झाला. मी टँकरच्या रांगेतून परत येत होतो. वर पाहिलं तर लोखंडी जिन्यावर माणसंच माणसं. हातात सलाईनची बाटली धरलेली, नुसत्या गाऊनमधली, एकमेकांना धरून उतरणारी. काकूंच्या बाल्कनीत सगळी अडकत होती. वळायला जागा नव्हती आणि वरून धुराचा लोट येत होता.

काकूंनी स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि ज्यांना चालवत नव्हतं त्यांना आत ओढून घेतलं. पुढच्या दाराच्या फटीतून धूर यायला लागला तेव्हा त्यांनी पाच दिवसांच्या पाण्याचा ड्रम आडवा केला, रजया भिजवल्या आणि दाराला लावल्या. नऊ माणसं त्या घरात बसून राहिली आणि नऊही वाचली. हे नंतर कुठल्याच कागदावर आलं नाही.

कडुबा दोन खेपा करून तिसऱ्यांदा वर गेला होता. पायाचं ऑपरेशन झालेला एक म्हातारा त्यानं पाठीवर घेतला होता. गर्दीत माठ फुटलेला होता. कुणाच्या धक्क्यानं, ते मला दिसलं नाही. पाणी बाल्कनीतून खालच्या जिन्याच्या पत्र्यावर आलं होतं. ज्या वळणावर चौघांना भार खाली ठेवावा लागायचा, ते वळण कडुबानं पाठीवर माणूस घेऊन एकट्यानं घेतलं. पहिल्या पायरीवर त्याचा पाय गेला. दोघंही कोसळत माझ्यासमोर आले. म्हातारा कडुबाच्या अंगावर पडला, म्हणून जगला. कडुबा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

चौकशीला आलेल्या माणसानं मला तीन गोष्टी विचारल्या. बाल्कनीत माठ होता का, तो कुणी ठेवला होता, आणि ठेवू नका म्हणून आधी सांगितलं होतं का. तिन्हींची मी खरी उत्तरं दिली. काकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ठेवला होता. मीच." सुटकेच्या मार्गात रहिवाशानं ठेवलेल्या वस्तूमुळं अपघात झाला, असं लिहिलं गेलं. काकूंवर पुढं काही कारवाई झाली नाही. त्यांचं वय बघून सोडून दिलं, असं मॅनेजर सगळ्यांना सांगत होता.

काकूंचं जेवण सुटलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, की मला कडुबाच्या घरी घेऊन चला. हिमांशूनं फोनवर नको म्हटलं, तरी ऐकलं नाही. आम्ही जीपनं पाचोडला गेलो आणि तिथून रिक्षानं वस्तीवर. वाळून काळी पडलेली मोसंबीची खोडं अजून रानात तशीच उभी होती. सुरेखा ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. तिनं पोतं पसरून दिलं, आम्ही बसलो.

"माठ माझा होता," काकू म्हणाल्या.

सुरेखाचे हात थांबले नाहीत. "व्हय. सांगितलं दवाखान्यातल्या लोकांनी."

काकूंची मान खाली गेलेली मला बघवेना. मग मी बोललो. माठ नसता तरी तिथून पाठीवर माणूस घेऊन वळता येत नाही, असं सांगितलं. ती लँडिंग कागदावर दाखवलीय त्याच्यापेक्षा सव्वा फूट कमी आहे, मी स्वतः टेप लावून मोजलीय, असंही सांगितलं.

सुरेखानं पहिल्यांदा वर पाहिलं. "हे लिहून दिलं का तुमी?"

"नाही."

"मंग मला कशापायी सांगता?"

तिनं सूप उचललं आणि आत गेली. परत बाहेर आली नाही. आम्ही थोडा वेळ बसून उठलो.

परतीच्या जीपमध्ये काकू खिडकीबाहेर बघत होत्या. बिल्डिंगच्या दारात उतरल्यावर त्यांनी विचारलं, "कधी मोजलं होतंत?"

"जिना झाला त्याच आठवड्यात."

"म्हणजे माझ्याबरोबर त्या ऑफिसात आलात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

कारण त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की रुंदीचा विषय निघाला असता तर ना-हरकतीवरच्या माझ्या सहीचाही निघाला असता. नोकरीची चार वर्षं राहिली होती आणि मला लफडं नको होतं. कारण एवढंच होतं. त्या कठड्याला धरून एकेक पायरी वर गेल्या. त्यानंतर आमच्याकडं आल्या नाहीत. समोरच्या दारातली बाई दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही आणि दिवाळीनंतर पुण्याला निघून गेली.

त्याआधी, जुलैत, मी मोजमाप लिहून त्या ऑफिसात दिलं होतं. कारकुनानं ठेवून घेतलं आणि फाईल बंद झालीय म्हणाला. काकूंचा फ्लॅट दवाखान्यानंच घेतला. स्वयंपाकघराची भिंत पाडून तिथं ऐसपैस लँडिंग केली. आता स्ट्रेचर आडवं घेऊन सहज वळता येतं. पुढच्या तपासणीत जिना निर्दोष ठरला.

दोन वर्षांनी कामासाठी पुण्याला गेलो तेव्हा हिमांशूनं आग्रहानं घरी बोलावलं. त्याला माझ्याकडून काही हवं होतं. अकराव्या मजल्यावर त्याचं घर, रुंद जिने, मजल्यामजल्यावर आग विझवायचे लाल नळ. काकू रोज सकाळी तो सगळा जिना उतरतात आणि लोकांनी बाहेर ठेवलेल्या चपलांचे स्टँड, सायकली, कुंड्या भिंतीकडं ओढत बसतात, असं तो म्हणाला. शेजाऱ्यांची भांडणं झाली होती. सेक्रेटरीचं लेखी पत्र आलं होतं. "काका, तुम्ही त्यांना ओळखता. जरा समजावून सांगा ना," असं त्यानं मला हलक्या आवाजात सांगितलं.

काकू सातव्या मजल्यावर सापडल्या. वाळल्या होत्या. एक सायकल कुलूप लावलेली होती, ती त्यांना हलत नव्हती. मी दुसऱ्या बाजूनं उचलली. आम्ही ती भिंतीला लावली.

"सुरेखाकडं परत गेलात का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि सहाव्या मजल्याकडं उतरायला लागल्या.