जामसांवलीहून आलेला मिस कॉल

मुलगी टेबलावर सर्किट जोडत बसली, सोल्डरचा तो जळका, चिकट वास घरभर पसरला, की मी सौंसरच्या आमच्या संत्र्याच्या वावरात जाऊन पोहोचते.

मिस कॉल दिला की विहिरीवरची मोटर सुरू करणारं यंत्र दादानं घरीच बनवलं होतं. त्यात सिम टाकलं ते बाबांचं जुनं. त्या दुपारी बाबा विहिरीत उतरून मोटरच्या वायरी जोडत होते. काठावरून दादा सहज म्हणाला, "आई पोचली असन जामसांवलीले, मारुतीच्या दर्शनाले."

आणि त्याचा चेहराच उतरला. कुठंही पोहोचली की आई बाबांना मिस कॉल द्यायची, आणि तिला पाठ होता तो जुनाच नंबर.

"बाबा, वायर सोडा!"

तेवढ्यात त्या यंत्राच्या डब्यातला हिरवा दिवा लागला. आत टक्कन वाजलं. विहिरीतून काहीच आवाज येईना. मी काठाकडे धावले.

"काऊन ओरडून राहिला रे?" खालून बाबा म्हणाले. "फ्यूज तं माह्या खिशात हाय."

आई अजूनही पोहोचली की मिस कॉल देते. फोन एकदा वाजून थांबतो. ती सुखरूप आहे हे कळायच्या आधी माझा जीव त्या विहिरीत उतरून येतो.