भोंगा फोन ठेवत नाही

इंझोरीच्या ग्रामपंचायतीचा शिपाई देवमन, याच्याएवढा मर्यादेचा माणूस शोधून सापडायचा नाही. समोरचा वयानं किंवा मानानं मोठा असला की आपण आधी फोन ठेवायचा नाही, हा त्याचा नेम. एकदा कारंज्याच्या व्याह्याशी बोलणं संपलं. हा म्हणे "ठेवा", व्याही म्हणे "तुमीच ठेवा". या ठेवाठेवीत बायकोनं, भागिरथानं, चहा पुन्हा गरम केला. शेवटी बॅटरीच संपली, तेव्हा दोघं सुटले.

अशा माणसाच्या हाती पंचायतीचा नवा भोंगा आला. हा भोंगा इंटरनेटवर चालणारा. त्याला स्वतःचा नंबर. मोबाइलातून तो नंबर लावला की भोंगा आपोआप कॉल उचलणार आणि आपण बोललेलं गावभर ऐकू जाणार. दवंडी द्यायला पंचायतीपर्यंत जायचं कामच नाही, बाजेवर बसून द्या. बसवणारा माणूस भोंगा खांबावर चढवून गेला आणि सेटिंग त्यानं फोनवरून सांगितली. देवमननं मोबाइलात भोंग्याचं पान उघडलं, नाव टाकलं, पासवर्ड टाकला, फक्त आपल्याच नंबरला परवानगी दिली, आपोआप उचलायच्या चौकटीत खूण केली.

"आता खाली पाहा, काका. किती वेळ कोनी बोललं नाही त कॉल तोडाचा, ते टाका."

"कायले तोडाचा? माणूस बोलता बोलता थांबते, पानी पेते. मधातच तोडनं बरं दिसते काय?"

"मंग आठोनीनं कट करत जा."

"हाव, करतो ना," देवमन म्हणाला, आणि ती जागा रिकामीच राहिली.

पहिली दवंडी पुंजाजीची निघाली. पुंजाजी म्हणजे लहानपणापासूनचा सोबती, दोन वर्षांनी मोठा, म्हणून दादा. त्याची बायको गोजराबाई जाऊन वर्ष झालं होतं. देवमननं घरी बसून नंबर लावला, "उद्या पुंजाजीदादाच्या घरी वर्षश्राद्धाचं जेवन हाय, सर्वायनं या," असं सांगितलं आणि सवयीनं म्हणाला, "ठेवा मंग." अख्खं गाव ऐकतंय, त्यात किती मोठी माणसं, आपण आधी कसं ठेवायचं? मोबाइल त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकला आणि तो विसरून गेला.

जरा वेळानं भागिरथा तुरीच्या वावरातून आली. शेजारी पिठाची चक्की घरघरत होती, म्हणून दोघं ओरडूनच बोलत होती.

"पुंजाजीभाऊ रडून राह्यले होते पारावर."

"आता रडून काय फायदा? ती जित्ती होती तवा तिच्या हातचं जेवला, कधी बरं झालं म्हनला नाही. बाई तापानं फनफनत होती अन् हा शेलूबाजारले बैल पाहत बसला. दवाखान्यात नेलं कोनं? म्या."

तेवढ्यात चक्की थांबली. आणि खांबाच्या बाजूनं, क्षणभर मागून, देवमनचाच आवाज आला: "नेलं कोनं? म्या."

त्यानं खिशावर हात मारला आणि मोबाइल काढला. लाल बटण दाबताना बोट दोनदा चुकलं. भागिरथा डोक्यावरचा भारा तसाच धरून उभी राहिली.

सकाळी देवमन पुंजाजीच्या घराकडं निघाला, तर पानठेल्यावर बसलेला मदनसिंग म्हणाला, "काहून रे देवमन, भोंग्यानं ठेवला काय फोन?" लोक हसले. देवमनला ते हसणं परवडलं असतं. पुढच्या दारात काय ऐकावं लागेल, ते परवडत नव्हतं. पुंजाजीनं दार लावलं तर या गल्लीतून रोज जायचं कसं?

दार उघडंच होतं. पुंजाजी वांग्यांच्या ढिगापुढं विळी घेऊन बसला होता.

"दादा, चुकलो मी."

पुंजाजीनं मान वर केली नाही. "खोटं बोलला काय तू?"

देवमनला वाटलं, यापेक्षा दादानं चप्पल काढली असती तर बरं झालं असतं.

"खरंच हाय ते," पुंजाजी म्हणाला. "पन मले कधी नाही म्हनला तू. म्या बैल पाहाले निघालो तवा तू याच दारात उभा होता. थांब म्हनला असता त म्या थांबलो असतो."

देवमन त्या दिवशी गप्प राहिला होता. मोठ्या माणसाला कसं अडवायचं, म्हणून. ती मर्यादा आता त्याला अंगावरच्या मळक्या कपड्यासारखी वाटली.

"लाव भोंग्याले फोन."

देवमननं लावला. दादा आता गावासमोर माफी मागायला लावतो, असं त्याला वाटलं. पण पुंजाजीनं मोबाइल आपल्या हातात घेतला आणि तो भोंग्यात हळूच बोलला, "गोजराबाई वांग्याची भाजी चांगली करत होती. म्या तिले सांगतलं नाही. या जेवाले."

मग मोबाइल देवमनपुढं धरला. "ठेव."

"तुमी मोठे हा, दादा."

"म्हनूनच सांगून राह्यलो. तू ठेव."

बाहेर खांबावर भोंगा खरखरत होता. गाव ऐकत होतं. देवमननं आयुष्यात पहिल्यांदा दादाच्या आधी फोन ठेवला. मग दुसरी विळी ओढून तो वांगी चिरायला बसला. पंगती उठेपर्यंत त्यानं वाढलं, पण ताटापेक्षा वर नजर नेली नाही.